आईला म्हणायचं काय

गुरुवार, २० जानेवारी १९५५

गावाहून आलेल्या काकांच्या काताच्या पुडीत तिखट घातलं. तंबाखूत घातलं असतं तर वासावरून कळलं असतं. कात लाल, तिखट लाल — कोण बघतंय! पान तोंडात गेलं, दोनदा चावलं, आणि मग जे काय झालं ते! तांब्याभर पाणी प्यायले, परत भरायला लावला. मीच भरून दिला. म्हटलं, काका, ठसका लागला का?

मला जराही वाईट वाटत नाही. का ते लिहिते.

काल बाबांचं तेरावं. माणसं पानावरनं उठत होती. घरमालकाचे मेहताजी दाराशी आले. भला माणूस, टोपी काढून उभा राहिला. म्हणाले, आता खोली कोणाच्या नावावर करायची ते सांगा, पुढच्या महिन्यात भाड्याची चोपडी बदलायची आहे. आईच्या हातात खरकट्या पत्रावळी. ती काही बोलणार, एवढ्यात काका गॅलरीत आले आणि त्यांच्या त्या गावच्या हिंदीत म्हणाले, "उसको क्या पूछता, मेहताजी? वो मेरे भाई की लगीन की बाई नाय. रखेल है, रखेल."

रागाने नाही. वांग्याचा भाव सांगावा तसं.

मालवणीत बोलले असते तर आमच्या दोन-तीन खोल्यांना कळलं असतं. हिंदीत बोलले, आख्ख्या चाळीला कळलं. नळावर हात धुणारे तसेच राहिले, पाणी वाहतंय. आईने पत्रावळी खाली टाकल्या नाहीत की काही नाही. डब्यापर्यंत गेली, टाकल्या, हात धुतले, आत आली.

ती काहीच बोलली नाही! मला त्याचाच जास्त राग.

आणि आता दहाव्याचं कळलं. दहाव्याला बायका आईच्या बांगड्या फोडायला आल्या तेव्हा काकांनी त्यांना परत पाठवलं होतं. मला वाटलं, काका मवाळ झाले, भावजयीची दया आली. मी त्यांना वर अर्धा कप चहा जास्त दिला. माझ्यासारखी हुशार मीच! त्यांना म्हणायचं होतं की फोडायला ही बायको कुठं आहे.

शुक्रवार, २१ जानेवारी

मी कामाला जाते त्या औषधाच्या कारखान्यात मुकादमाच्या पाठीवर लेबल चिकटवलं — 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा'. बायका हसून हसून बेजार. एकीने खरंच त्याला हलवलं. मला हसू आलं नाही.

बाबा असते तर घरी येऊन सांगितलं असतं. ते गिरणीच्या रंगखात्यातले, नखं कायम निळी. शेवटच्या दिवशी आंघोळ घातली तरी निळीच होती. हसले की तोंडावर हात ठेवायचे, ती निळी बोटं.

रखेल. शब्दाचा नीट अर्थ काय ते मला बघायचंय. शिवी आहे हे ठाऊक आहे. पण शिवी घेताना माणसाला कळलं पाहिजे की आपण काय घेतोय.

शनिवार, २२ जानेवारी

विद्याधर मास्तरांकडे गेले. समोरच्या नव्या बिल्डिंगीत राहतात, हायस्कुलात शिकवतात. पूर्वी मी त्यांच्या सायकलची घंटी काढून मांजराच्या गळ्यात बांधली होती, म्हणून मला बघितलं की आधी सायकलीकडे बघतात. मी पाचवीत शाळा सोडली, पण शाळेबाहेर माझं आणि त्यांचं बरं आहे.

मी सरळ विचारलं. मास्तरांनी चष्मा पुसला. कुठे ऐकलास म्हणाले. गॅलरीत, म्हटलं. मग ते ओळखून होते. चाळीतलं बिल्डिंगीत पोचायला किती वेळ लागतो!

जाडजूड कोश काढला. राखणे म्हणजे सांभाळणे, जपणे, पाळणे. राखलेली ती रखेल. मी म्हटलं, मग शेताचा राखणदार आणि ही एकाच घरातली? धातू एकच, म्हणाले. म्हटलं, आमच्या गावाला राखणदार देवचाराला वर्षाला नारळ देतात, कोंबडा देतात. त्याला नवस आणि हिला शिवी?

मास्तर म्हणाले, तो राखतो, हिला राखतात. फरक आहे.

आणखी पण शब्द निघाले. अंगवस्त्र. म्हणजे खांद्यावर टाकायचं उपरणं. बाहेर जाताना टाकायचं, घरी आलं की खुंटीला. नाटकशाळा. सरदार लोक ठेवायचे ती. एका बाईला आख्खी शाळा? मास्तर हसले. मग इंग्रजी शब्द सांगितला, कॉन्क्युबाइन. तो म्हणे लॅटिनमधनं आलाय. मूळ अर्थ, बरोबर निजणारी.

"आणि बायको कुठं निजते, मास्तर?"

आत त्यांच्या बायकोच्या, वसुधाबाईंच्या, हातनं भांडं पडलं. हसत होत्या.

मास्तरांनी घाईघाईने पान उलटलं. जुन्या शास्त्रातला शब्द म्हणे अवरुद्धा. अडवून ठेवलेली. एकाच पुरुषाच्या घरात इमानाने राहिली असेल तर तो मेल्यावर तिला त्याच्या मालमत्तेतनं अन्नवस्त्र मिळतं. कोर्टसुद्धा मानतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, माणिक, भांडू नका, मान्य करून टाका. लग्नाची बायको म्हणून काही सिद्ध झालं नाही तर हातात काहीच राहणार नाही. हे म्हटलं तर पोटाला तरी मिळेल.

चांगल्या मनाने सांगत होते. कळत होतं मला. पण बाबांची मालमत्ता काय? एक ट्रंक, एक कंदील, आणि गावच्या सामायिक जमिनीत काकांनी कधी न दाखवलेला वाटा. म्हणजे अन्नवस्त्र काकांच्या हातनं घ्यायचं. आईने त्यांच्या पडवीत बसायचं आणि ते वाढतील ते खायचं. आणि वाढणाऱ्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, ही आमच्या दत्तारामाची रखेल.

निघताना विचारलं, ठेवलेल्या बाईला इतके शब्द. ठेवणाऱ्या पुरुषाला काय म्हणतात?

मास्तरांनी पुढची पानं बघितली, मागची बघितली. तसा वेगळा शब्द दिसत नाही म्हणाले.

आतून वसुधाबाई म्हणाल्या, "गृहस्थ म्हणतात."

रविवार, २३ जानेवारी

काकांनी बेत उघड केला. त्यांचा धाकटा गावाहून येणार, त्याला गिरणीत चिकटवायचं आणि ही खोली त्याला. आम्ही? "तुमी आलात थंय जावा." आम्ही आलो कुठून? मी तर ह्याच खोलीत जन्मले. आईचं माहेर कधीच संपलं, घराची जोती तेवढी आहेत.

मेहताजी म्हणतात, मला भांडणात पाडू नका. तुमच्या गावकरी मंडळाने ठरवावं, मंडळ सांगेल ते नाव मी लिहितो. मंडळाची बैठक पुढच्या रविवारी भटवाडीत, दशरथनानांच्या अंगणात. दशरथनाना मंडळाचे प्रमुख. म्हातारे, कमी बोलतात. त्यांनी आईला निरोप पाठवलाय — लग्न बघितलेलं एक माणूस उभं कर, बाकी मी बघतो.

आता खरी मजा लिहिते.

आईला विचारलं, कोणी बघितलं तुमचं लग्न? आई चुलीकडे बघत म्हणाली, बघूचा नसता. आईचं पहिलं लग्न लहानपणी झालं, तो नवरा तापाने गेला. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. पाट लागतो अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पक्षात, रात्री, घरापासनं लांब. सवाष्णीने तिकडे फिरकायचं नाही, अपशकुन. पोरंबाळं नाहीत. वाजंत्री नाही. एक पाट लावणारा आणि दोन-तीन विधवा. सकाळी त्या दोघांचं तोंडसुद्धा कुणी बघत नाही.

म्हणजे लग्न असं लावायचं की कुणी बघता कामा नये — आणि मग विचारायचं, कोणी बघितलं! कोणाचं डोकं हे?

त्या विधवा कोण होत्या विचारलं. आई म्हणाली, मेल्या. तिन्ही? "आता पुरे गो. त्या रातीचा माका इचारू नको."

काका पलीकडे बसून तिच्याच हातची भाकरी खात होते. वर म्हणतात, आमटी आळणी झाली.

सोमवार, २४ जानेवारी

ठरलं. खोली सोडायची नाही आणि तो शब्द घ्यायचा नाही. दोन्ही.

मंगळवार, २५ जानेवारी

आज नळावर शेजारीण आईला म्हणाली, जरा थांबा हां, आमचं पिण्याचं भरून होऊ दे. आईचा नंबर होता! आई थांबली. मी बादली सरकवली आणि म्हटलं, मावशी, विटाळ पाण्याला लागतो की पितळेला? तुमची कळशी आमच्याकडनं उसनी नेलेली आहे, ती आधी परत करा. कळशी परत आली. आई माझ्यावरच चिडली.

बाबांच्या गावचा लवू जुहूला शहाळी विकतो असं कोणीतरी म्हणालं. उद्या सव्वीस जानेवारीची सुट्टी.

बुधवार, २६ जानेवारी

पाय दुखतायत पण लिहायचंच.

जुहूला चौपाटीवर आज ही गर्दी, झेंडे, फुगे. लवूदादा सापडला. अगडबंब माणूस, हातात कोयता, शहाळं तीन घावात फोडतो. मी दत्तारामाची माणिक म्हटल्यावर आधी शहाळं हातात दिलं, मग बाबांची हकिगत विचारली. मग मी माझं सांगितलं.

पाट? छे, म्हणाला. तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा. रात्रीचं पोरांना कोण बघायला देणार. पण मग एकदम हसायला लागला. कोयता बाजूला ठेवून हसला.

"अगो, तुझ्या बापाशीचा रुयेशी लागलेला लगीन बघलंय मी!"

मला वाटलं थट्टा करतोय. मी लोकांची करते म्हणून मला लगेच तसंच वाटतं. पण खरंच! बाबा तोवर बिनलग्नाचे. बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा असेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. दिवसाढवळ्या, भट बोलावून. मग रुई उपटून टाकतात. म्हणजे बायको मेली! म्हणजे हा झाला बिजवर. विधवेला बिजवर — दोन्ही पारडी सारखी.

त्या दिवशी बाबांना मुंडावळ्या बांधलेल्या, समोर रुईला हिरवं फडकं गुंडाळलेलं. पोरं रुईला वहिनी म्हणत होती. लवू ओरडला, वहिनी, भाकऱ्या कधी भाजतलंय? तेव्हा अंतरपाट धरणाऱ्याने त्याला पडद्याआडून लाथ घातली. अजून आठवते म्हणाला.

"अंतरपाट कोणी धरला होता?"

"दुसरो कोण? गुणाजीन."

काकांनी!

मी म्हटलं, रविवारी एवढंच सांगायला ये. लवूदादा कोयता पुसायला लागला. त्याची म्हातारी गावाला एकटी असते. घरातनं विहिरीकडे जायची वाट गुणाजीकाकांच्या परड्यातनं. त्यांनी कुंपण घातलं तर म्हातारी पाण्याला कुठनं जाईल? माझ्याकडे बघेना. दुसरं शहाळं फोडून दिलं, पैसे घेतले नाहीत. मी त्याच्यावर रागावले नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २७ जानेवारी

आईला सांगितलं, मला रुईचं कळलं. तिच्या हातातलं उलथनं थांबलं.

"लवून सांगितल्यान? आणि काय सांगितल्यान?"

म्हटलं, एवढंच. रात्रीचं त्याला काही ठाऊक नाही. आई परत भाकरी फिरवायला लागली. एक बाजू करपली होती. खा म्हणाली.

बाबांनी मला हे कधीच सांगितलं नाही! एवढी झकास गोष्ट! मी सतरा वर्षं ह्या माणसाला हसवत होते आणि त्यांच्या पोटात हे होतं. झाडाशी लग्न लावून घेतलं. सगळं गाव हसत असताना मुंडावळ्या बांधून उभे राहिले. का? तर आईशी नीट लग्न लागावं म्हणून. ठेवायची असती तर एवढा तमाशा कशाला करून घेतला असता?

थांब थांब थांब.

हेच तर!

शुक्रवार, २८ जानेवारी

साक्षीदार आहे. घरातच आहे. आमच्याच चटईवर घोरतोय. फक्त त्याला साक्ष द्यायची नाहीये. सरळ विचारलं तर नाही म्हणेल. काकांना दोनच गोष्टी आवडतात, पान आणि दुसऱ्याची फजिती सांगणं. पानाची खोडी काढून झालीय.

शनिवार, २९ जानेवारी

आज मारुतीच्या देवळापाशी रुईच्या माळा होत्या, पण मला पाळंमुळं असलेली पाहिजे होती. खाणीकडे टेकडीवर गेले. रुई कुठेही उगवते, कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. उपटताना पांढरा चीक हातभर लागला. डोळ्याला लागला तर वाट लागेल म्हणून हात लांब धरून घरी आले, लोकांना वाटलं कुठे भाजलं की काय.

डालड्याच्या डब्यात माती भरून लावली. आईच्या जुन्या हिरव्या चोळीचा तुकडा गुंडाळला. डबा गॅलरीत सांडग्यांच्या परातीमागे लपवला. आईने बघितला. मग बराच वेळ त्या परातीकडे पाठ करून बसली.

रविवार, ३० जानेवारी

पहिल्यापासनं लिहिते, नाहीतर घाई होईल.

दशरथनानांचं अंगण. तीसेक माणसं असतील, पुरुष पुढे, बायका मागे कुडाला टेकून. आई अगदी कडेला. बांगड्या तशाच हातात, कुंकू मात्र तिने स्वतःच पुसलंय. मेहताजी खुर्चीवर, एकटेच खुर्चीवर, अवघडलेले.

काका बोलले. गोड बोलले. भाऊ गेला, भावाचं घर भावाच्या पोराला. बाई इतकी वर्षं राहिली, तिने केलंसवरलं, आम्ही नाही म्हणत नाही, एखादं लुगडं देऊ. पण लग्न? मी घरातला थोरला. पाट लागला असता तर मला ठाऊक नसता? एक माणूस दाखवा ज्याने बघितला.

नानांनी आईकडे बघितलं. मालन, तुझा कोण आसा? आई उठून उभी राहिली आणि उभीच राहिली. मागनं एक बाई हळूच म्हणाली, बघितला असला तरी सांगतलो कोण? पुरुष हसले.

मी डबा घेऊन पुढे गेले. मध्ये ठेवला. चेहरा मी सोंग घेताना करते तसा केला.

नाना म्हणाले, ह्या काय गो?

"ही माझी थोरली आई," मी म्हटलं. "बाबांची पहिली बायको. काकांच्या ओळखीची आहे. विचारा त्यांना."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एक म्हातारा फसकन हसला. आणि काका! काकांचा चेहरा असा फुलला! मला वाटलं होतं ओढून ओढून काढावं लागेल, तर ते आपणहून उठूनच उभे राहिले. बाबांची फजिती सांगायची, तीस माणसांसमोर, ह्याहून त्यांना काय पाहिजे! सांगितली पण काय रंगवून. बाबा कसे लाजले, भटाने मंगलाष्टकं म्हणताना रुईचं गोत्र काय म्हणून विचारलं, मुंडावळ्या डोळ्यावर आल्या म्हणून बाबांनी तांदूळ भलत्याच झाडावर टाकले. लोक गडाबडा लोळत होते. मेहताजी पण हसत होते. मीसुद्धा हसले. खरंच हसू आलं. बाबा दिसले मला तिथं, तरुण, हात तोंडावर ठेवून.

"आणि अंतरपाट?" मी विचारलं. हसत हसतच.

"मीच धरलेलंय! माझ्या ह्या हातान! आणि रुय उपटून व्हाळात टाकली ती पण मीच. दत्तारामाक न्हाणयलंय, म्हटलंय, बायल मेली रे तुझी, आता तू बिजवर!"

मी हसणं बंद केलं.

"काका, बाई नुसती ठेवायची असेल तर झाडाशी लग्न कोण लावतं?"

पुढे बसलेल्यांचं हसू आधी थांबलं, मग मागच्यांचं. काकांचं सगळ्यात शेवटी. तोंड उघडंच. बघत होते माझ्याकडे, मग डब्याकडे. कोणीतरी खोकलं.

दशरथनाना इतका वेळ हसले नव्हते. ते उठले, डब्यापाशी आले, रुईची वाकलेली फांदी सरळ केली. म्हणाले, गुणाजी, रुय कशाक लावतत? काका पानाची पिशवी चाचपायला लागले. परत विचारलं. काका म्हणाले, पाटाआधी. मोठ्याने सांग, नाना म्हणाले. पाटाआधी.

"मगे झाला. रुय लागली म्हणजे पाट लागलो. दिवस कोणी बघल्यान तर रात येवची रवता काय? मालन दत्तारामाची बायल. मेहताजी, लिवा."

मागच्या बायकांमधनं एक विधवा म्हातारी आली आणि आईला धरून कुडापाशी घेऊन गेली. तिथं आईच्या बांगड्या फोडल्या. दगडावर. एकेक. मला ते बघवलं नाही, पण बघितलं. ज्यासाठी मी एवढं केलं ते हेच होतं! माझ्या आईला रडायची परवानगी मिळाली. आणि ती रडली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

मी पण.

मंगळवार, १ फेब्रुवारी

काका गेले. जाताना मला म्हणाले, तू बापाशीवर गेलंस. शिवी दिली की काय ते त्यांनाच ठाऊक. मी घेतली.

मेहताजींनी नाव चढवलं — मालन दत्ताराम, आणि पुढे 'विधवा'. मोठ्या अक्षरात लिहिलंय. मी मास्तरांना सांगायला धावत गेले. म्हटलं, तुमचे सगळे शब्द परत घ्या, आमचा सापडला. मास्तर म्हणाले, आई विधवा झाली म्हणून उड्या मारणारी तू पहिली मुलगी बघितली. वसुधाबाईंनी लाडू दिला. दुखवट्यात तिळगूळ नाही, म्हणून बेसनाचा.

नळावर आईला आज दोघींनी पुढे जायला सांगितलं.

आई मात्र गप्प. खोली राहिली, नाव राहिलं, आता आणखी काय हवंय हिला! रात्री पण कूस बदलत असते. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, काय नाय. मला राग आला. एवढं करून घरात सुतकी तोंड! मग आठवलं की बाबा जाऊन महिनासुद्धा झालेला नाही.

शनिवार, ५ फेब्रुवारी

दुपारी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली. रुई उपटली त्याच संध्याकाळी भावकीतली म्हातारी गेली. सुतक आलं. पाट पुढच्या अंधाऱ्या पाखावर टाकला. त्याआधीच बाबांना गिरणीचं बोलावणं आलं, ती पण बरोबर आली. बाबा म्हणाले, मुंबईत कोण विचारतंय, करू. दर अंधाऱ्या पाखाला म्हणायचे, ह्या वेळी करू. मग मी झाले.

"रुयेशी लागला," आई म्हणाली. "माझ्याशी रवान गेला."

मी सूप तिच्या हातातनं घेतलं. विचारलं, आणखी कोणाला ठाऊक आहे? काकांना नुसता संशय, बाकी कोणाला नाही.

पाट लागला होता. रात्री, अंधाऱ्या पाखात. मी तेव्हा जन्माला यायची होते, तरी साक्षीला मी आहे.